पाच राजधान्या आणि तीन कागद

नाताळच्या सुटीला जोडून आठ-दहा दिवसांची अर्जित रजा मिळाली, म्हणजे आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबात नकाशा उघडला जातो. मुलांना किल्ले हवे असतात, घरातील वडील मंडळींना एखादे क्षेत्र घडावे असे वाटते, गृहिणीला थोडी विश्रांती हवी असते, आणि ज्याने रजेचा अर्ज केलेला असतो त्याला खर्चाची चिंता असते. या चौघांचे समाधान करील असा एक प्रवास मी गेली काही वर्षे कागदावर आखीत आलो आहे आणि त्यातील बरीचशी ठिकाणे तुकड्यातुकड्यांनी पाहिलीही आहेत. कलबुर्गी, बेदर, विजापूर, हंपी आणि भागानगर म्हणजे आजचे हैदराबाद, या दक्षिणेतील पाच जुन्या राजधान्यांचा हा प्रवास आहे. पैकी गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि विजापूरचे विजयपूर हे नामांतर २०१४ मध्ये झाले. परंतु आपल्या बखरींत आणि घरोघरच्या बोलण्यात विजापूर हेच नाव रुळलेले असल्याने येथेही मी तेच वापरणार आहे.

हिवाळाच का, हे सांगावयास नको. या सर्व नगरांचा दगड काळा किंवा करडा आहे, आणि एप्रिलमध्ये तो हात लावू देत नाही. शिवाय मार्गशीर्ष-पौषात सोलापूरपासून कृष्णेपर्यंतचा सारा मुलूख रब्बीच्या ज्वारीने भरलेला असतो. तो पाहिल्याखेरीज ही राज्ये कशावर उभी होती ते समजत नाही. घुमट आणि मिनार ज्वारीच्या कणसांवर उभे राहिले, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस मैलोगणती डुलणारे पीक पाहून उमगणे निराळे.

प्रवास आखताना पहिली अडचण अशी येते की नकाशाचा क्रम आणि इतिहासाचा क्रम जुळत नाही. सोलापुराहून निघणाऱ्यास विजापूर सर्वांत जवळ, सुमारे शंभर किलोमीटर. तेथून हंपी, मग वर कलबुर्गी, बेदर आणि शेवटी हैदराबाद, असे वर्तुळ सोयीचे होते. पण या सोयीत घोटाळा आहे. विजापूरचा गोलघुमट सतराव्या शतकातील आणि कलबुर्ग्याची मशीद चौदाव्या शतकातील. आधी नातू भेटावा आणि मागाहून आजोबांची ओळख व्हावी तसे ते होते. वीस वर्षांपूर्वी मी दोन गाड्यांच्या मधल्या चार तासांत विजापूर पाहिले, गोलघुमटाच्या सज्जात उभे राहून मुलासारखी हाक मारली, प्रतिध्वनी मोजला आणि परत फिरलो. त्या नगराविषयी मला त्या दिवशी काही म्हणजे काही कळले नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की एक दिवस अधिक मोडला तरी चालेल, पण काळाच्या क्रमाने जावे. सोलापूर, मंगळवेढे, कलबुर्गी, बेदर, मग उलट येऊन विजापूर, तेथून हंपी आणि अखेर हैदराबाद. बारा दिवसांत हे सावकाश होते.

या यादीत मंगळवेढे हे राजधानी नसलेले गाव मी मुद्दाम घातले आहे. सोलापुराहून ते पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याची ज्वारी प्रसिद्ध आहे. मराठी माणसाच्या मनात बेदर हे नाव प्रथम शिरते ते येथूनच. दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे कमाविसदार, बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी वरिष्ठांची परवानगी न घेता सरकारी धान्याची कोठारे उघडली. हाताखालच्या मुजुमदाराने ही बातमी बेदरला कळवली आणि पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. ते पंढरपूरवरून जात असताना इकडे विठू महाराच्या रूपाने विठ्ठलच दरबारात पोचला, धान्याची किंमत मोजून दिली आणि बादशहाकडून रीतसर पावती घेतली. ती पावती पंतांना आपल्या पोथीत सापडली. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली आहे.

ही परंपरेने चालत आलेली कथा आहे आणि तिला पुराव्याचा कस लावणे अनाठायी होय. परंतु महसुलाचे काम ज्याने केले आहे त्याला तिच्यातील बारकाव्याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. गावचा वसूल कसब्याच्या खजिन्यात पोचविणे हे महाराच्या वतनी कामांपैकी एक होते. देवाने रूप घेतले ते या कामाचा अधिकार असलेल्या माणसाचे, आणि ज्याला देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती अशा माणसाचे. दुसरे असे की देव केवळ मोहरा ओतून अंतर्धान पावत नाही. तो पावती घेतो. ज्यांनी ही कथा रचली आणि ऐकली त्यांना पक्के ठाऊक होते की पैसे भरूनही पावती नसेल तर सुटका होत नाही. हा आपल्या प्रवासातील पहिला कागद.

मंगळवेढ्याहून परत सोलापूर गाठून दुसऱ्या दिवशी कलबुर्ग्यास जावे. १३४७ मध्ये महंमद तुघलकाविरुद्ध दक्षिणेतील सरदारांनी बंड केले आणि दौलताबादेस अल्लाउद्दीन हसन बहमनशाह गादीवर बसला. पुढे त्याने राजधानी कलबुर्ग्यास नेली. किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद अवश्य पाहावी. इतर मशिदींत असते तसे मोकळे अंगण तिला नाही. लहानमोठ्या घुमटांनी ती संपूर्ण झाकलेली आहे, आणि आतील बसक्या कमानींच्या रांगांतून प्रकाश असा झिरपतो की माणूस आपोआप हळू बोलू लागतो. गावात ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचा दर्गा आहे. हे सूफी सत्पुरुष उतारवयात दिल्लीकडून दक्षिणेत आले आणि १४२२ मध्ये येथेच निवर्तले. राजधानी येथून हलली, राज्यही गेले, पण दर्ग्यातील गर्दी सहाशे वर्षे हटली नाही.

त्याच १४२२ मध्ये गादीवर आलेल्या अहमदशाहाने पुढील काही वर्षांत राजधानी बेदरला नेली. बेदर उंच पठारावर आहे. हवा थंड, माती तांबडी आणि किल्ल्याचा घेर मोठा. या नगरास दोन दिवस दिल्याशिवाय जाऊ नये. अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरींची ओळ आहे. १४३६ मध्ये वारलेल्या अहमदशाहाच्या घुमटात रंगकाम अजून टिकून आहे. मुसलमान त्याला वली म्हणजे संत मानतात, तर आसपासचे लिंगायत त्याला अल्लमप्रभूंच्या ठिकाणी मानतात, आणि त्याच्या उरुसात जंगमाचा मान असतो. गावातील बिदरी कामाच्या कारखान्यांत जस्त आणि तांब्याच्या मिश्रणावर चांदीची तार ठोकून बसवतात. मग नवसागर आणि किल्ल्यातील जुनी माती यांच्या मिश्रणाने धातू काळा पडतो आणि चांदी मात्र उजळ राहते. हे काम कारागिराशेजारी बसून पाहावे. मुले येथे सर्वांत अधिक रमतात.

परंतु बेदरात माझे पाऊल अडते ते महमूद गावानाच्या मदरशापाशी. इराणातील गिलान प्रांताचा हा व्यापारी दक्षिणेत आला आणि आपल्या योग्यतेने बहमनी राज्याचा मुख्य प्रधान झाला. १४७२ मध्ये त्याने गोवे घेतले. त्याच वर्षी हा तीन मजली मदरसा पुरा झाला. पुढल्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चिनी विटांची नक्षी होती. तिचा काही भाग आजही चकाकतो. औरंगजेबाच्या अमदानीत येथे दारूचा स्फोट झाला, त्यात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि दोहोंपैकी एक मिनार नष्ट झाला.

गावानाने राज्यकारभारात हात घातला. चार मोठे सुभे मोडून त्याने आठ केले. प्रत्येक सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या हुकमतीखाली आणले. जमिनीची मोजणी सुरू केली. अशा सुधारणा ज्यांच्या मिळकतीवर येतात ते स्वस्थ बसत नाहीत, हे कोणत्याही काळातील अंमलदारास सांगावयास नको. त्याच्या शत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या माणसाला वश करून एका कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली, आणि मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला. सुलतान तिसरा महंमदशाह याच्या पुढे ते पत्र गेले. शिक्का आपला आहे, पत्र आपले नाही, असे गावानाने सांगितले. चौकशी झाली नाही. एप्रिल १४८१ मध्ये त्या सत्तरी ओलांडलेल्या प्रधानाचा शिरच्छेद झाला. मागाहून त्याची मालमत्ता तपासली तेव्हा फारसे काही निघाले नाही. सुलतान पस्तावला आणि वर्षभरातच वारला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सुभेदार स्वतंत्र झाले आणि एका राज्याची पाच राज्ये झाली. एका कोऱ्या कागदाने राज्य बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. स्थानिक दख्खनी आणि परदेशी सरदार यांच्यातील वैर आधीच विकोपास गेले होते. परंतु ते वैर आवरू शकणारा माणूस त्या कागदाने नाहीसा केला, यात संशय नाही. हा दुसरा कागद.

एकाच नगराच्या दरबारात दोन अंमलदारांचे दोन कागद आले. एकाने नियम मोडला आणि पावतीने त्याला वाचविले. दुसऱ्याने नियम घडविले आणि मोहोरेने त्याला मारले. मदरशाच्या पायरीवर बसलो असता मला दर वेळी हाच विचार घेरतो. फेरिस्त्याने गावानाची हकीकत सविस्तर लिहून ठेवली आहे, त्याची स्वतःची पत्रेही उपलब्ध आहेत. तरी गावोगावच्या देवळांत नाव निघते ते दामाजीपंतांचे. लोकांच्या स्मरणात मोजणी करणारा राहत नाही, कोठार उघडणारा राहतो.

बेदरहून विजापूरचा रस्ता दिवस खातो. आता मात्र ते नगर कळू लागते, कारण त्याचे पूर्वज आपण पाहून आलेले असतो. महंमद आदिलशाहाच्या, म्हणजे १६५६ मध्ये वारलेल्या सुलतानाच्या थडग्यावरील गोलघुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि खाली एकही खांब नाही. एकमेकांस छेदणाऱ्या कमानींनी तो भार भिंतींवर उतरविला आहे. त्याच्या भव्यतेने दिपलेल्या डोळ्यांना इब्राहिम रोजाच्या नाजूक कोरीवकामाने विसावा मिळतो. ज्याच्यासाठी तो बांधला तो दुसरा इब्राहिम आदिलशाह संगीतज्ञ होता, आणि त्याच्या ‘किताबे नवरस’ या दख्खनी काव्यसंग्रहात सरस्वतीचे स्तवन आहे. मुलूख मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरास ओतली गेली. विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरविला.

आपण मराठी माणसे विजापुरास जातो ती अफजलखान मनात धरून. ते स्वाभाविकच आहे. परंतु शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते, आणि बंगळूरची त्यांची जहागीर आदिलशाहीतलीच होती. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने सोळाव्या शतकात हिशेबाच्या दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली, तेव्हा देशी कारकुनांची एक मोठी पिढी महसुलाच्या कामात तयार झाली. शिवाजीमहाराजांना राज्य चालविण्यासाठी जी माणसे मिळाली, ती हिशेब शिकली कोठे, हा प्रश्न विजापुरात उभे राहून विचारला पाहिजे. महाराजांनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले हेही खरे, आणि तरीही दप्तर, जमीन, महसूल, अर्ज, तारीख हे शब्द आपण टाकू शकलो नाही हेही खरे. ज्या नगराशी आपण लढलो त्याच्या कचेरीतील भाषा आजही आपल्या कचेरीत आहे.

विजापुराहून हंपी. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या विजयनगरची ही राजधानी. २३ जानेवारी १५६५ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यातच, कृष्णाकाठी झालेल्या लढाईत दक्षिणेतील सुलतानांच्या संयुक्त फौजेने रामरायाचा वध केला, आणि त्यानंतर हे नगर लुटले गेले ते पुन्हा वसलेच नाही. तुंगभद्रेच्या काठी मोठमोठ्या शिळांच्या राशींतून बाजारपेठांचे खांब मैलभर उभे आहेत. विठ्ठलमंदिरातील दगडी रथ सर्वांना ठाऊक असतो. मराठी प्रवाशाने मात्र क्षणभर रिकाम्या गाभाऱ्यापाशी थांबावे. पंढरपूरची मूर्ती विजयनगरास नेली गेली आणि एकनाथांचे पणजे भानुदास यांनी ती परत आणली, असे वारकरी परंपरा सांगते. या कथेचा ऐतिहासिक निवाडा कसाही लागो, कृष्णेच्या दोन्ही तीरांवरील भक्तांनी एकच देव आपला मानला, एवढे ती निश्चित सांगते. कर्नाटकातील हा विठ्ठल पाहिल्यावर पंढरपूर अधिक मोठे वाटू लागते.

शेवटचा मुक्काम भागानगर. १५९१ मध्ये वसविलेल्या या शहरातील चारमिनार पाहून झाला की एक पूर्ण दिवस गोवळकोंड्यास द्यावा. फतेह दरवाजाच्या घुमटीखाली वाजविलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. मुलांना हा खेळ पुरत नाही. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीवर जाताना शिवाजीमहाराज भागानगरास आले, अबुल हसन तानाशाह आणि त्याचे मंत्री मादण्णा व आकण्णा यांनी त्यांचा सन्मान केला. मादण्णाचा भाचा गोपन्ना हा भद्राचलमचा तहसीलदार होता. त्याने सरकारी वसुलातून रामाचे देऊळ बांधले आणि त्याला गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कोंडले गेले. ती कोठडी आजही दाखवितात. तेलुगू परंपरा सांगते की राम आणि लक्ष्मण दोघे शिलेदारांच्या वेषात रात्री तानाशाहापुढे आले, बाकी असलेली सारी रक्कम भरली आणि पावती घेतली. सकाळी गोपन्ना सुटला. तेलुगू जग त्याला भद्राचल रामदास म्हणून ओळखते, आणि रामनवमीस सरकारातून मोती पाठविण्याची चाल तानाशाहाने पाडली असे मानतात.

हा तिसरा कागद. मंगळवेढ्यापासून निघालेली कथा भाषा आणि दैवत बदलून येथे पुन्हा भेटते. दोन्ही कथांत सुलतान दुष्ट नाही. तो हिशेब मागतो, पैसे घेतो, पावती देतो आणि शेवटी थक्क होतो. पण एक भेद आहे, आणि तो मला सोडवत नाही. दामाजीपंतांनी सरकारी धान्य उपाशी माणसांना दिले, गोपन्नाने सरकारी पैसा देवळास लावला. आजच्या हिशेबतपासणीसाच्या दृष्टीने दोन्ही गुन्हे सारखेच. कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांवर आपण फुले वाहतो, परंतु उद्या माझ्याच हाताखालच्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याने मंजुरीवाचून कोठार उघडले तर मी काय लिहीन? नियमाप्रमाणे मला खुलासा मागवावाच लागेल, आणि त्याचे उत्तर यायच्या आत विठू महार येईलच याची शाश्वती नाही. ज्याला चमत्काराची अपेक्षा करता येत नाही अशा कारभाराने दुसरा मार्ग शोधला पाहिजे.

तो काही अंशी शोधला गेला आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने याच सोलापूर-विजापूर भागाचे हाल केले, आणि त्यानंतर १८८० च्या आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळसंहिता तयार झाल्या. १९७२ च्या अवर्षणात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर आली, आणि १९७७ मध्ये राज्याने रोजगार हमीचा कायदा केला. दामाजीपंतांना जे हुकूम मोडून करावे लागले, ते हुकमाप्रमाणे करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरले. दयेला नियमाचे बळ देणे हेच कारभारातील खरे सुधारणेचे काम होय. गावानाचे मोजमाप आणि दामाजीपंतांचे अंतःकरण एकाच कागदावर यावे लागते. ते जेव्हा येत नाही, तेव्हा कागद कोरा राहतो आणि त्यावर कोणीही काहीही लिहितो.

गोवळकोंड्याखालच्या कुतुबशाही घुमटांच्या ओळीत शेवटच्या तानाशाहाची कबर नाही. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले, सप्टेंबर १६८७ मध्ये फितुरीने दरवाजा उघडला जाऊन गोवळकोंडा पडला, आणि तानाशाहाला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. तो तेथेच वारला. १३४७ मध्ये ज्या दौलताबादेत दक्षिणेचे हे स्वतंत्र राज्य जन्मले, त्याच दौलताबादेत त्याच्या अखेरच्या वारसाचे दिवस संपले. बारा दिवसांत आपण साडेतीनशे वर्षे चालून आलेलो असतो.

परतीच्या गाडीत मुले टाळीचा आणि प्रतिध्वनीचा खेळ आठवतील, वडीलधारी मंडळी विठ्ठलाचा रिकामा गाभारा आठवतील, आणि रजेवरून रुजू होणारा गृहस्थ खर्चाच्या पावत्या जुळवील. त्या जुळविताना त्याला पोथीत सापडलेली एक जुनी पावती आठवली, आणि दुसऱ्या दिवशी मेजावर आलेल्या पहिल्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याने तो संपूर्ण वाचला, तर हा प्रवास सत्कारणी लागला असे मी समजेन.